यामाहाचा पियानो आणि यामाहाची बाईक एकाच कंपनीची आहे का? नाव एक, कंपन्या दोन, हे प्रकरण काय आहे?

'जी कंपनी पियानो बनवते, तीच कंपनी बाईकही बनवते!' अशी रील तुमच्याही फीडवर कधी ना कधी आलीच असेल. एका बाजूला चकचकीत ग्रँड पियानो, दुसऱ्या बाजूला यामाहाची बाईक आणि खाली 'कसला भारी योगायोग' म्हणणाऱ्या कमेंट्सचा पाऊस.

हा दावा अर्धा खरा आहे. पियानो आणि बाईकचं मूळ एकच आहे. पण आज पियानो, कीबोर्ड, स्पीकर आणि मिक्सर बनवणारी यामाहा वेगळी आणि बाईक बनवणारी यामाहा वेगळी. दोघींची मुख्यालयं वेगळी, संचालक मंडळं वेगळी, शेअरही वेगळे. आणि हे आजकालचं नाही, तर १९५५ पासूनचं आहे.

आवाजाच्या धंद्यातली आणि गाड्यांच्या धंद्यातली नावं अशी एकमेकांत मिसळण्याची उदाहरणं बरीच आहेत. मित्सुबिशी, सुझुकी, सॅमसंग, फोर्ड, सोनी, शाओमी. काही ठिकाणी खरंच एकच कंपनी असते, काही ठिकाणी भाऊबंद असतात आणि काही ठिकाणी नुसतं आडनाव सारखं असतं. ग्राहक म्हणून, किंवा शेअर घेणारे म्हणून, हा फरक आपल्याला माहीत असायला हवा. कारण आपण पैसे देतो ते नावाकडे बघून, पण वस्तू बिघडली की उत्तर द्यायला कंपनी लागते.

सुरुवात झाली एका बिघडलेल्या पायपेटीपासून

साल १८८७. जपानमधल्या हामामात्सु गावातल्या एका शाळेत अमेरिकेहून आणलेला रीड ऑर्गन होता. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांत पायपेटी असायची, साधारण त्याच जातीचं वाद्य. तो बिघडला. त्या काळात असं वाद्य दुरुस्त करणारा माणूस तिथे मिळणार कुठून?

गावात तोराकुसु यामाहा नावाचा एक कारागीर होता. घड्याळं आणि दवाखान्यातली उपकरणं दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला होता. शाळेनं त्याला बोलावलं. त्यानं ऑर्गन उघडला, आतली रचना समजून घेतली, दुरुस्त केला आणि त्याच्या लक्षात आलं की हे आपणही बनवू शकतो.

मग त्यानं आपल्या एका साथीदाराला घेऊन स्वतःचा ऑर्गन तयार केला. तो खांद्यावरच्या दांडीला टांगून दोघं हाकोनेचे डोंगर ओलांडत साधारण २५० किलोमीटरवरच्या टोकियोला घेऊन गेले. तिथल्या संगीत संस्थेतल्या जाणकारांनी निकाल दिला की वाद्य दिसायला चांगलं आहे, पण सुरात नाही. तोराकुसु तिथेच राहिला, महिनाभर संगीताचं शास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा ऑर्गन बनवला. तो पास झाला.

१८९७ मध्ये कंपनी उभी राहिली. तिचं नाव होतं निप्पॉन गाक्की, म्हणजे 'जपानी वाद्यं'. १९०० मध्ये पियानोचं उत्पादन सुरू झालं. कंपनीच्या चिन्हात आले तीन नादकाटे, म्हणजे शाळेत विज्ञानाच्या तासाला टेबलावर आपटून कानाशी धरायचो ते ट्यूनिंग फोर्क. आज यामाहाच्या बाईकच्या टाकीवर दिसतात ते हेच. अनेकांना ती चाकाची आरी वाटते, पण ते वाद्य सुरात लावायचं साधन आहे.

वाद्यांच्या कारखान्यात इंजिन कसं शिरलं?

पियानो म्हणजे नुसतं लाकूडकाम नाही. पियानोच्या आत बिडाची जाड चौकट असते, कारण सगळ्या तारांचा मिळून ताण २० टनांच्या आसपास जातो. म्हणजे पियानो बनवणाऱ्याला उत्तम लाकूडकाम यावं लागतं आणि धातूचं ओतकामही समजावं लागतं.

लाकडातल्या या हातोटीमुळे १९२१ मध्ये कंपनी विमानाचे लाकडी प्रोपेलर बनवू लागली. नंतर धातूचे प्रोपेलरही बनवायला लागली. दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्कराच्या कामाला जुंपला गेला. युद्ध संपलं तेव्हा कंपनीकडे धातूकामाची यंत्रं होती, पण ती युद्धभरपाईसाठी अडकवून ठेवलेली होती. बऱ्याच वर्षांनी ती मोकळी झाली आणि प्रश्न उभा राहिला की आता या यंत्रांवर करायचं काय?

त्या वेळी कंपनीचे अध्यक्ष होते गेनिची कावाकामी. १९५० मध्ये, चाळिशीच्या आतच, त्यांच्याकडे कंपनीची सूत्रं आली होती. १९५३ च्या अखेरीस त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की मोटारसायकलचं इंजिन बनवायच्या तयारीला लागा.

तेव्हा हा निर्णय धाडसाचा होता. जपानमध्ये शंभरहून जास्त छोट्यामोठ्या मोटारसायकल कंपन्या आधीच होत्या. त्यातली सगळ्यात चर्चेतली होंडा तर याच हामामात्सुमध्ये जन्मली होती. तिची सुरुवातही गमतीशीर आहे. युद्धानंतर सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं मिळवली आणि ती सायकलींना जोडून विकली. म्हणजे तिथेही रेडिओ आणि गाडीचा संबंध होताच.

निप्पॉन गाक्कीनं समोर नमुना ठेवला डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ मोटारसायकलचा. युद्धात जर्मनी हरल्यावर या गाडीवरून ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत रशियातही गाड्या तयार झाल्या होत्या. १९५५ च्या सुरुवातीला यामाहाची पहिली मोटारसायकल आली. नाव वायए-१, इंजिन १२५ सीसीचं, रंग तांबूस. लोकांनी तिला टोपणनाव दिलं 'आकातोम्बो', म्हणजे लाल चतुर. किंमत १ लाख ३८ हजार येन. नव्यानं नोकरीला लागलेल्या पदवीधराच्या वर्षभराच्या पगारापेक्षा ही रक्कम जास्त होती.

'पेट्या बनवणारे गाडी काय बनवणार?' या शंकेला उत्तर शर्यतीत मिळालं. जुलै १९५५ मध्ये फुजी पर्वताच्या चढावरच्या शर्यतीत वायए-१ नं १२५ सीसी गटात बाजी मारली.

१ जुलै १९५५: इथे वाटा वेगळ्या झाल्या

त्याच महिन्याच्या १ तारखेला मोटारसायकलचा धंदा मूळ कंपनीतून बाजूला काढून यामाहा मोटर ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. वाद्यांची कंपनी निप्पॉन गाक्की याच नावानं चालू राहिली. पुढे १९८७ मध्ये, त्या पहिल्या ऑर्गन दुरुस्तीला १०० वर्षं झाली तेव्हा, तिनं नाव बदलून यामाहा कॉर्पोरेशन केलं. त्यामुळे गोंधळ आणखी वाढला, कारण आता दोन्ही कंपन्यांच्या नावात 'यामाहा' आलं.

वाद्यांच्या कंपनीकडे मोटर कंपनीचे बरेच शेअर होते, पण काळाच्या ओघात तिनं तो हिस्सा कमी केला. आज टोकियोच्या शेअर बाजारात दोघींची नोंद वेगळी आहे. यामाहा कॉर्पोरेशनचा क्रमांक ७९५१, यामाहा मोटरचा ७२७२. एकीचं मुख्यालय हामामात्सुत आहे आणि दुसरीचं तेनर्यु नदीपलीकडच्या इवाता शहरात. 'यामाहा' हे नाव मात्र सामाईक आहे. घर वाटून घेतलं, पण पाटी एकच ठेवली, असा हा प्रकार.

दोघी ओळखायची एक सोपी खूण आहे. चिन्ह नीट बघा. नादकाट्यांची टोकं बाहेरच्या वर्तुळाला जाऊन भिडत असतील तर ते यामाहा मोटरचं चिन्ह. टोकं वर्तुळाच्या आतच थांबत असतील तर ते वाद्यांच्या यामाहाचं.

वाद्यांची यामाहा या काळात ऑडिओतही मोठी झाली. १९७४ चा एनएस-१००० एम हा स्पीकर त्यातल्या बेरिलियम धातूच्या पडद्यामुळे गाजला. १९७८ मध्ये आलेल्या एनएस-१० एमची गोष्ट तर वेगळीच. घरात गाणी ऐकायला म्हणून बनवलेला हा स्पीकर घरांत फारसा चालला नाही, पण जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंनी तो उचलला. गाण्यातली चूक तो लपवत नाही, म्हणून साउंड इंजिनिअर त्याच्यावर विसंबू लागले. जुन्या स्टुडिओच्या फोटोंत काळ्या पेटीत पांढरा कोन असलेला स्पीकर दिसला, तर बहुधा तो हाच.

दोन्ही यामाहा एकाच गाडीत भेटतात तेव्हा

कंपन्या वेगळ्या झाल्या तरी येणं-जाणं थांबलं नाही. १९६७ ते १९७० या काळात टोयोटाची २०००जीटी ही स्पोर्ट्स कार निघाली. तिच्यावर टोयोटासोबत यामाहा मोटरनं काम केलं आणि गाडी तयारही यामाहाकडेच झाली. आतला लाकडी डॅशबोर्ड मात्र वाद्यांच्या कंपनीकडून आला. पियानोच्या लाकडाचं काम ज्यांचं, त्यांचाच हात या डॅशबोर्डला लागला. एकूण फक्त ३५१ गाड्या बनल्या. १९६७ च्या जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या सिनेमात हीच गाडी दिसते.

चाळीसेक वर्षांनी लेक्सस एलएफएच्या वेळी पुन्हा तसंच घडलं. २०१० ते २०१२ मध्ये या गाडीचे फक्त ५०० नग बनले. तिचं ४.८ लिटरचं व्ही-१० इंजिन यामाहा मोटरसोबत तयार झालं. आणि त्या इंजिनाचा आवाज ड्रायव्हरच्या कानापर्यंत कसा पोचावा, यावर वाद्यांच्या यामाहातल्या ध्वनितज्ज्ञांनी काम केलं. इंजिन ०.६ सेकंदात ९,००० आरपीएमपर्यंत पोचायचं. साधा काटा तेवढ्या वेगानं फिरू शकत नाही, म्हणून गाडीत डिजिटल काटा द्यावा लागला.

म्हणजे आवाज आणि इंजिन यांचं नातं योगायोगाचं नाही. दोन्हीकडे मूळ प्रश्न कंपनांचा असतो. वाद्यात हवी ती कंपनं वाढवायची असतात, इंजिनात नको ती दाबायची असतात. ज्याला एक जमतं त्याला दुसरं शिकायला फार लांब जावं लागत नाही.

आपल्याकडे कुठली यामाहा आहे?

भारतात दोन्ही आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाटेनं आल्या. बाईकवाली यामाहा एस्कॉर्ट्स कंपनीशी करार करून आली. १९८३ मध्ये 'राजदूत ३५०' या नावानं आलेली गाडी मुळात यामाहाची आरडी ३५० होती. मग १९८५ मध्ये आली आरएक्स १००. तिच्या टू-स्ट्रोक आवाजाचे चाहते आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात भेटतील. ही सगळी यामाहा मोटरची मंडळी.

वाद्यांच्या यामाहानं भारतात स्वतंत्र कंपनी काढली ती २००८ मध्ये, यामाहा म्युझिक इंडिया या नावानं. आज चेन्नई परिसरात दोघींचेही कारखाने आहेत. एकीकडे बाईक बनतात, दुसरीकडे कीबोर्ड, गिटार आणि कार्यक्रमांना लागणारे स्पीकर. गाव जवळचं, पण गेट वेगळं. बाईकच्या शोरूममध्ये कीबोर्डची तक्रार घेऊन गेलात तर ते तुम्हाला परत पाठवतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

मित्सुबिशी: एकाच घराण्याच्या अनेक चुली

यामाहात एकीच्या दोन झाल्या. मित्सुबिशीत एका घराण्याच्या कितीतरी झाल्या. या उद्योगसमूहाची सुरुवात १८७० मध्ये जहाज वाहतुकीपासून झाली. मित्सु म्हणजे तीन आणि हिशी म्हणजे शिंगाडा. शिंगाड्याच्या आकारावरून त्या शब्दाला चौकट असाही अर्थ आला, म्हणून चिन्हात तीन चौकटी आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर ताबा असलेल्या दोस्त राष्ट्रांनी असे मोठे घराणेशाही उद्योगसमूह मोडीत काढले. त्यामुळे आज मित्सुबिशी नावाच्या कंपन्या एकमेकींशी नातं सांगतात, पण त्या स्वतंत्र आहेत. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकनं 'डायटोन' नावाचे स्पीकर बनवले. १९५८ चा त्यांचा २एस-३०५ हा स्पीकर जपानची सरकारी प्रसारण संस्था एनएचके आपल्या स्टुडिओत वापरत असे. पजेरो आणि लान्सर बनवणारी मित्सुबिशी मोटर्स ही दुसरीच कंपनी, १९७० मध्ये स्थापन झालेली.

यातली खरी गंमत पुढे आहे. मित्सुबिशी मोटर्सनं २०२३ मध्ये आणलेल्या एक्सफोर्स या गाडीत स्पीकर आहेत यामाहाचे!

आणि या घोळावर कडी म्हणजे युनिबॉल पेन. ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव मित्सुबिशी पेन्सिल. तिच्या चिन्हातही त्याच तीन चौकटी. पण तिचा मित्सुबिशी समूहाशी काहीही संबंध नाही. ते चिन्ह पेन्सिल कंपनीनं १९०३ मध्येच, समूहाच्या आधी, नोंदवून ठेवलं होतं.

आपल्याकडे टाटा समूहातही असंच आहे. टाटा मोटर्स १९४५ मध्ये टेल्को म्हणून सुरू झाली. समूहातल्या नेल्कोची सुरुवात त्याआधी, १९४० मध्ये, रेडिओ बनवण्यापासून झाली. आज नेल्को उपग्रहाद्वारे दळणवळणाची सेवा देते. समूह एक असला तरी कंपन्या वेगळ्या आणि शेअरही वेगळे.

सुझुकी: इथे तर नुसतं आडनाव सारखं

संगीत शिकणाऱ्या मुलांच्या हातात सुझुकीचा मेलोडिका किंवा माउथऑर्गन दिसतो. ही सुझुकी आणि मारुतीबरोबरची सुझुकी एकच का? नाही. वाद्यं बनवणारी सुझुकी १९५०च्या दशकातली. गाड्यांच्या सुझुकीची मुळं १९०९ मध्ये मिचिओ सुझुकी यांनी सुरू केलेल्या माग बनवण्याच्या कारखान्यात आहेत. दोघी हामामात्सुच्याच, पण दोघींत नातं काही नाही. सुझुकी हे जपानमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. आपल्याकडे पाटील आडनावाचे सगळे एका वाड्यातले असतात का? तसंच.

विकत घेतलेलं नातं: फोर्ड आणि सॅमसंग

काही कंपन्या या दोन्ही धंद्यांत पैसे मोजून आल्या. अमेरिकेत १९६१ मध्ये फोर्डनं फिल्को ही नावाजलेली रेडिओ कंपनी विकत घेतली. काही वर्षं रेडिओ-टीव्हीवर 'फिल्को-फोर्ड' असं नाव येत असे. नासाच्या ह्यूस्टन इथल्या नियंत्रण कक्षातली यंत्रणा उभारण्यातही याच फिल्कोचा मोठा वाटा होता. पण घरगुती रेडिओ-टीव्हीच्या धंद्यात जम बसला नाही आणि १९७४ मध्ये फोर्डनं तो विकून टाकला.

सॅमसंगची कहाणी उलट दिशेची. टीव्ही आणि टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या या दक्षिण कोरियाई समूहानं १९९४ मध्ये कार कंपनी काढली. पहिली गाडी एसएम५ बाजारात आली १९९८ मध्ये, म्हणजे आशियातलं आर्थिक संकट ऐन भरात असताना. २००० मध्ये कंपनी फ्रान्सच्या रेनोकडे गेली. पण नावाचा करार सुरू राहिल्यामुळे कोरियात 'रेनो सॅमसंग' नावाच्या गाड्या २०२२ पर्यंत विकल्या जात होत्या. म्हणजे गाडीवर नाव सॅमसंगचं आणि कारभार रेनोचा, असं दोन दशकं चाललं.

मग सॅमसंग गाडीत शिरली ती दुसऱ्या दारानं. २०१७ मध्ये तिनं सुमारे ८ अब्ज डॉलर मोजून हरमन ही अमेरिकी कंपनी घेतली. जेबीएल, हरमन कार्डन, एकेजी, इन्फिनिटी ही सगळी नावं हरमनची. व्यवहार जाहीर झाला तेव्हा हरमनच्या विक्रीपैकी सुमारे ६५ टक्के वाटा गाड्यांशी संबंधित वस्तूंचा होता. त्यामुळे सॅमसंग स्वतः गाडी बनवत नसली तरी असंख्य गाड्यांत बसलेली आहे. हरमनचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. टाटा आणि महिंद्राच्या काही गाड्यांच्या स्पीकरवर हरमनच्या घरातली नावं दिसतात, ती याच सॅमसंगच्या मालकीची.

बोस: स्पीकरवाल्यांनी बनवलेलं सस्पेन्शन

आवाजाच्या कंपनीनं गाडीचाच भाग बनवायला घेतल्याचं उदाहरण म्हणजे बोस. कोलकात्याहून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव अमर बोस यांनी ही कंपनी १९६४ मध्ये काढली. १९८० मध्ये त्यांनी गाडीच्या सस्पेन्शनवर गुपचूप काम सुरू केलं.

कल्पना थेट स्पीकरमधून आलेली वाटावी अशीच. स्पीकरमध्ये चुंबकाजवळच्या वेटोळ्यातून वीज गेली की ते पुढेमागे हलतं आणि कोन हवा ढकलतो. बोसच्या सस्पेन्शनमध्येही स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकापाशी विजेवर वरखाली होणारी चुंबकीय मोटर होती. खड्डा आला की ती चाक खाली ढकलायची, उंचवटा आला की वर ओढायची आणि गाडीतला माणूस हलायचा नाही. २००४ मध्ये त्यांनी हे जगाला दाखवलं. त्याचा व्हिडिओ आजही व्हायरल होत असतो. पण ही यंत्रणा जड होती आणि महागही, त्यामुळे ती शोरूममधल्या गाडीत आली नाही. २०१७ मध्ये बोसनं हे तंत्रज्ञान क्लिअरमोशन या कंपनीला विकलं.

मग खरोखर दोन्ही बनवणारी कंपनी आहे की नाही?

आहे. आज त्याचं ठळक उदाहरण शाओमी. ज्यांचे इअरफोन आणि ब्लूटूथ स्पीकर आपल्याकडे घरोघरी आहेत, त्या शाओमीनं मार्च २०२४ मध्ये चीनमध्ये एसयू७ ही इलेक्ट्रिक कार आणली आणि त्याच वर्षात १ लाख ३५ हजारांहून जास्त गाड्या ग्राहकांना दिल्या. इथे नाव उसनं नाही आणि चूलही वेगळी नाही. गाडी त्याच समूहाची, बीजिंगमधल्या स्वतःच्या कारखान्यात बनलेली.

सोनीनं मधला मार्ग निवडला. २०२० मध्ये तिनं गाडीचा नमुना दाखवला, पण गाडी बनवण्यासाठी २०२२ मध्ये होंडाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत सोनी होंडा मोबिलिटी ही नवी कंपनी काढली. गाडीचं नाव ठरलं अफीला आणि ती होंडाच्या अमेरिकेतल्या कारखान्यात बनवायचं ठरलं. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये दिसलेलं सोनीचं नाव मात्र वेगळ्या कारणानं होतं. तिथे सोनी फक्त स्पीकर पुरवत होती.

हे आत्ताच का घडतंय? पूर्वी गाडी म्हणजे मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्स होता आणि ते बनवायला पिढ्या लागायच्या. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी, मोटर, स्क्रीन आणि सॉफ्टवेअर यांचं वजन वाढलं. यातल्या बऱ्याच गोष्टी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना आधीपासून येतात. १९५५ मध्ये प्रोपेलरच्या यंत्रांनी यामाहाला बाईककडे नेलं, आज फोन आणि स्पीकर बनवणाऱ्यांना चिप आणि सॉफ्टवेअर गाडीकडे नेतं आहे.

याचा आपल्याला उपयोग काय?

एक, विकत घेताना. खोक्यावर मोठ्या अक्षरात ब्रँड असतो, पण बारीक अक्षरात उत्पादक, पॅकर किंवा आयातदार कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असतो. भारतात पॅकबंद वस्तूंवर ही माहिती देणं बंधनकारक आहे. वस्तू बिघडली की उत्तर देणारी कंपनी तिथे लिहिलेली असते. खोकं फेकण्याआधी त्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा.

दोन, गाडी घेताना. स्पीकरवर मोठ्या ऑडिओ कंपनीचं नाव असलं म्हणजे ती कंपनी गाडीची भागीदार आहे असं नाही. बहुतेक वेळा ती पुरवठादार असते. त्या नावासाठी वरचा व्हेरियंट घेणार असाल, तर आधी तोच ट्रॅक खालच्या व्हेरियंटमध्ये ऐका, मग वरच्यात ऐका आणि फरक तुमच्या कानाला कळतो का ते बघा. म्युझिक सिस्टीमच्या वॉरंटीत काय काय येतं आणि तक्रार कुणाकडे करायची, हे डीलरकडून लेखी घ्या.

तीन, शेअर घेताना. ओळखीचं नाव बघून पैसे लावू नका. कंपनीचं पूर्ण नाव आणि बाजारातला तिचा कोड जुळवून बघा. पियानोची विक्री वाढल्याचा आनंद यामाहा मोटरच्या भागधारकाला होण्याचं कारण नाही.

आणि चार, फॉरवर्ड करताना. 'दोन्ही एकाच कंपनीचं' असं वाचलं की तीन प्रश्न विचारा. ही खरंच एक कंपनी आहे, की एकाच मुळाच्या वेगळ्या झालेल्या कंपन्या आहेत, की नुसतं नाव सारखं आहे? शाओमी पहिल्या खणात बसते, यामाहा आणि मित्सुबिशी दुसऱ्या आणि सुझुकी तिसऱ्या. पुढच्या वेळी ती पियानो आणि बाईकवाली रील आली, तर कमेंटमध्ये १ जुलै १९५५ ही तारीख टाका.